ओ

दारावे गावठाणात, तळ्याच्या पाठीमागे,
तिसऱ्या मजल्यावर माझा क्लास.
खाली पिठाची गिरणी, त्यामुळे
नाकातून काढायचे सगळे स्वर
आधीच थरथरत वर येतात.

नववीतली पाच पोरं.
फ्रेंच घेतलंय, कारण त्यात मार्क पडतात.
मला वाईट वाटत नाही.
मीही त्याच कारणानं घेतलं होतं.

आज फळ्यावर :
आ अधिक ल.
म्हणजे आपलं ‘कडे’, आणि नामापुढे चालणारा त्यांचा एक ‘तो’.
शेजारी ठेवले की दोघंही उरत नाहीत,
होतं ओ.
लिहायला दोन अक्षरं, ऐकायला एक.
द अधिक ल, द्यू.
द अधिक ले, दे.
‘हे तर मागणं झालं, मॅडम,’ शार्दूल म्हणाला.
लिही, म्हटलं.

पण ला, ती स्त्रीलिंगी,
ती कुणात मिसळत नाही.
आ ला.
‘कोण आला?’
(हा विनोद दरवर्षी होतो. मी थांबून घेते.)
मग मागच्या बाकावरून प्राप्ती भोईर :
‘म्हणजे तिकडे नाव बाप्याचं जातं?’
मुली हसल्या. मी डस्टर शोधत राहिले.
आधारकार्डावरच्या नावानं कुणी हाक मारली
की अजूनही मी आधी
दुसरं कुणी वळतंय का बघते.

पाच तारीख. हसुरामकाका भाड्याला आलेले,
दारातल्या चपलांशेजारी खुर्ची टाकून
सगळं ऐकत होते.
पाकीट हातात दिलं तर मोजलं नाही.
‘तो ल कं गेला?’

विरघळला, काका. नियम आहे.

‘नोटीस दिलती?’

पोरं फुटली. काका नाही हसले.
‘साडेबारा टक्के तरी ऱ्हायला का त्याचा?’

सोळा वर्षं शिकवतेय,
हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नाही.
म्हटलं, पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला
तर वाचतो तो, अर्धा.
पाय मोडून उभा राहतो
आणि डोक्याशी एक स्वल्पविराम लोंबतो, अधांतरी.

‘मंग तो आमच्यासारा.
ठेसनावर बघा. सीवूड्स, मंग आडवी रेघ,
मंग दारावे. रेघंच्या मागं तरी हाय.’

विषय वाढू नये म्हणून उदाहरण घेतलं.
मीठ तिकडे पुल्लिंगी. द्यू सेल, थोडं मीठ.
सेल म्हटल्यावर पोरांना मॉल आठवला.
समुद्र मात्र बाई. ला मेर.
आ ला मेर, समुद्राकडे. बघा,
इथे काहीच मोडलं नाही,

‘मेर?’
काका खुर्चीत पुढे सरकले.
‘मेर आमची व्हती.
अल्याड भात, पल्याड मिठागर.
उधाणाला बापूस मेरंवर हुबा ऱ्हाऊन
एकेकाला हाका मारी.’

मग?

‘मंग काय. आमी द्याचो —’
आणि दोन्ही तळवे तोंडाशी नेऊन
खिडकीबाहेर, चार मजली पार्किंगच्या दिशेनं,
एवढ्या वाकलेल्या माणसात मावणार नाही इतका लांब,
ओऽऽऽ

खाली कुणीतरी दळण बदलत असावं.
गिरणी बंद होती.
पार्किंगमधल्या एका गाडीनं घाबरून
शिट्टी वाजवायला सुरुवात केली.

काका उठले, चपला पायांत सरकवल्या,
भाड्याचं पाकीट खुर्चीवरच राहिलं.
मी फळा पुसला नाही.
‘वहीत पूर्ण करा,’ एवढंच म्हटलं.

प्राप्तीनं मान खाली घालून लिहिलं,
आ अधिक ल बरोबर,
आणि उच्चार जमतोय का म्हणून
हळूच म्हणून बघितलं.

जिन्यातून, दुसऱ्या मजल्यावरून कुठूनसा
आवाज आला :
‘काय गो?’